गिऱ्हाईक ‘अंधार वाटतो’ म्हणतं, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ हायवेला लागून घरचं हॉटेल, १४ टेबलं, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही. वडिलांच्या काळात पांढऱ्या भिंती आणि ट्यूबलाइट होत्या. गेल्या वर्षी मुलाने खर्च करून सगळं नव्याने केलं: गडद राखाडी भिंती, फॉल्स सीलिंगच्या कडेने पिवळ्या एलईडीची स्ट्रिप, प्रत्येक टेबलावर रंगीत काचेचा लटकता दिवा. फोटो सुंदर येतात. पण जुनी गिऱ्हाइकं ‘अंधार वाटतो’ म्हणतात. आचारी तोच, मसाला तोच, तरी ‘रस्सा काळपट दिसतोय, चव बदलली का?’ असं विचारतात. पूर्वी जेवण झाल्यावर गुलाबजाम मागवून गप्पा मारत बसणारी कुटुंबं आता बिल मागून उठतात. शेवटी या मुलानेच विचारलंय, ‘परत ट्यूबलाइट लावू का?’

लावू नका. पण तुमची गिऱ्हाइकं जे सांगताहेत ते शब्दशः खरं धरा. रस्सा खरोखरच काळपट दिसत असणार, आणि त्यामुळे चवही बदलल्यासारखी वाटत असणार. मी २२ वर्षं हॉटेलांच्या प्रकाशयोजनेचं काम करते, बहुतेक पुणे, सातारा आणि कोल्हापूर भागात. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की मालकाने पहिलं वाक्य बोललं की मी आधी विचारते, ‘दिवे कुठे लावलेत आणि ताट कुठे आहे?’

कारण तुमच्याकडे प्रकाश कमी झाला हे अर्धंच खरं आहे. खरी अडचण ही, की आहे तो प्रकाश भलत्या जागी पडतोय. ट्यूबलाइटचा प्रकाश सगळीकडे सारखा होता, त्यात काही देखणं नव्हतं, पण तो ताटापर्यंत पोचत होता. आता स्ट्रिपचा प्रकाश छताला मिळतो, तिथून उतरलेला राखाडी भिंती गिळतात, लटकत्या दिव्याचा बराचसा त्याच्या रंगीत काचेत अडकतो. ताटाला मिळतो तो उरलासुरला.

काही गोष्टी जागा न बघता मला सांगता येणार नाहीत, त्या आधीच बोलते. तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मुख्यतः पुणे-बंगळूर हायवेवरचं, वीस मिनिटांत जेवून पुढे निघणारं असेल, तर एक उत्तर. आजूबाजूच्या गावांतली कुटुंबं रविवारी, वाढदिवसाला येत असतील तर दुसरं. तुम्ही ‘गुलाबजाम मागवून बसणारी’ असं लिहिलंत, म्हणून मी दुसरं धरून चालले आहे. छताची उंचीही तुम्ही दिलेली नाही. पुढचे सगळे हिशेब मी दहा फूट धरून केलेत.

दिव्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट, जी शहरातल्या डिझायनरांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे मंद प्रकाशाला एक जुना अर्थ चिकटलेला आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. पुढे परवाना काढून बसून पिण्याची सोय झाली, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द महाराष्ट्राच्या गावोगावी पाट्यांवर आला. परमिट रूम म्हणजे आत काळोख, काळ्या काचा, लाल-निळे छोटे दिवे. त्याच हॉटेलचा दुसरा दरवाजा ‘फॅमिली रूम’चा, तिथे मात्र लख्ख ट्यूब. चाळीस-पन्नास वर्षं लोकांनी हे दोन दरवाजे पाहिले आहेत. त्यामुळे कराड-साताऱ्याकडची एखादी आजी तुमच्या दारात उभी राहून आत बघते आणि अंधार दिसतो, तेव्हा ती उजेड मोजत नसते. ‘हे आपल्यासारख्यांसाठी आहे का?’ हे ती पाहत असते. युरोपातल्या मेणबत्तीच्या टेबलाचा फोटो आणून तिला हे समजावता येणार नाही, आणि समजावायची गरजही नाही. वातावरण तिलाही हवं असतं. तिला ते काळोखातून नको असतं, एवढंच.

आता रश्शाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा तोच आहे.

दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ असा आकडा असतो. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप. जुन्या तारेच्या बल्बचं जवळजवळ १००, बाजारातल्या बहुतेक एलईडीचं ८० च्या आसपास. ८० ऐकायला बरं वाटतं. पण हा आकडा आठ ठरावीक फिकट रंगांची सरासरी आहे आणि त्या आठांत गडद लाल नाहीच. गडद लाल ‘आर-नाइन’ या नावाने वेगळा मोजतात, आणि तो खोक्यावर सहसा छापत नाहीत. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि त्यावर पिवळट लेप. लेप साधा असेल तर त्या प्रकाशात गडद लाल फारसा नसतोच. ८० सीआरआयच्या पुष्कळ दिव्यांचा आर-नाइन शून्याच्या आसपास भरतो.

आपल्या जेवणात लाल किती आहे ते बघा. तांबडा रस्सा, सुकं मटण, लसणाची चटणी, सोलकढीचा गुलाबी, गाजराची कोशिंबीर, टोमॅटोचं सार. प्रकाशातच लाल नसेल तर ताटातला लाल येणार कुठून? तो तपकिरी होतो. आणि तपकिरी रस्सा बघितला की मन म्हणतं, शिळा आहे, करपलाय, किंवा मिरची बदलली. जीभ त्यानंतर कामाला लागते. फ्रान्समधल्या बोर्दो इथला २००१ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून वाइनचं शिक्षण घेणाऱ्यांना दिली, तर त्यांनी तिचा वास रेड वाइनला वापरतात त्या शब्दांत वर्णन केला. शिकलेल्या नाकांची ही गत, तर चार तास गाडी चालवून भुकेलेल्या माणसाला दोष कशाला द्यायचा?

एक शंका तुम्हाला येईल: जुनी ट्यूब तरी लाल रंगाला कुठे चांगली होती? नव्हतीच. पण ती भरपूर होती. प्रकाश वाढला की रंग भडक भासतात, कमी झाला की तेच रंग मळकट होतात. हा आपल्या डोळ्याचा स्वभाव आहे. ट्यूबखाली रंग थोडे खोटे होते, पण जिवंत होते. आता ते खोटेही आहेत आणि मळकेही.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे तर्री. वर तरंगणाऱ्या तेलाची ती लाल चमक दिसायला छोट्या, थेट दिव्याचं प्रतिबिंब लागतं. छतावर आपटून उतरलेल्या पसरट प्रकाशात तर्री चमकत नाही, नुसता तवंग दिसतो. ढगाळ दिवशी तळ्याचं पाणी जसं निस्तेज दिसतं तसं. म्हणजे नुसत्या स्ट्रिपचा उजेड दुप्पट केलात तरी रस्सा उठून दिसणार नाही.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. उद्या दुपारी रश्शाची एक वाटी भरा आणि दिव्याखाली टेबलावर ठेवा. नीट बघा. मग तीच वाटी हातात घेऊन दारात, सावलीत पण दिवसाच्या उजेडात जा. मी मालकांना हे करायला लावते तेव्हा बहुतेक जण दारात काही क्षण गप्प उभे राहतात. मग सीआरआय ९० आणि आर-नाइन ५० च्या वर असलेला एक दिवा विकत आणा. दुकानदाराला आकडा माहीत नसेल तर कंपनीचा डेटाशीट, म्हणजे दिव्याच्या मोजमापांचा कागद, मागा. जी कंपनी तो देत नाही तिचा दिवा घेऊ नका. एकाच टेबलावर तो लावा आणि वाटी परत ठेवा. एका दिव्याचा खर्च आहे, तेवढ्यात तुमचा निम्मा प्रश्न सुटतो की नाही ते कळेल.

दिव्याचा पिवळेपणा किती असावा, यावरही वाद घालत बसतात. तो केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका कमी तितका दिवा पिवळा: ट्यूबचा निळसर पांढरा ६५०० केल्विन, जुना बल्ब २७०० च्या आसपास, मेणबत्ती १९०० च्या जवळ. हल्ली २२०० चे ‘अँबर’ दिवे फार खपतात. ते फोटोत छान दिसतात, पण त्यांच्याखाली पांढरा रस्सा पिवळा होतो, भात जुना वाटतो आणि दह्याकडे बघून शंका येते. तुमच्या ताटासाठी २७०० ते ३००० मध्येच राहा. मी स्वतः कोल्हापुरी जेवणाला ३००० पसंत करते, कारण तांबडा आणि पांढरा दोन्ही शेजारी शेजारी खरे दिसायला हवेत.

आता ‘अंधार वाटतो’ कोण म्हणतं ते आठवा. जुनी गिऱ्हाइकं, म्हणजे वडिलांच्या वयाची माणसं. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हाला जे ‘छान मंद’ दिसतं ते तुमच्या वडिलांना खरोखर तिपटीने काळोखं दिसतं. फोटो सुंदर येतात याचंही कारण इथेच आहे: मोबाइलचा कॅमेरा अंधार ओळखून स्वतःच उजेड वाढवतो. साठीच्या डोळ्याला ती सोय नाही. म्हणून मी कुठल्याही हॉटेलचं काम संपवताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बोलावून, चष्म्यासकट, मेनूकार्डातला भाव वाचायला सांगते. मोबाइलचा टॉर्च काढावा लागला तर काम संपलेलं नाही. जाता जाता: मेनूकार्ड चकचकीत लॅमिनेशनचं असेल तर वरचा दिवा त्यात आरशासारखा दिसतो आणि नेमकी ती ओळ पुसली जाते. मॅट लॅमिनेशन करून घ्या.

दिवसाचं गणित उलटं आहे, आणि हायवेवर ते जास्त जाणवतं. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात; एप्रिलच्या दुपारी बाहेर थेट उन्हात लाखभर लक्स असतात. माणूस तिथून तुमच्या राखाडी खोलीत शिरतो तेव्हा पहिली काही मिनिटं तो जवळजवळ आंधळा असतो. म्हणून दुपारी आत रात्रीपेक्षा जास्त प्रकाश लागतो. पुष्कळ मालक ‘दिवसा कशाला दिवे’ म्हणून बंद ठेवतात आणि गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. तुमच्याकडे ओटा किंवा पडवी असेल तर ती झाकून मध्यम उजेडाची ठेवा, म्हणजे डोळ्याला उतरायला एक पायरी मिळते. खिडक्यांना काळी फिल्म लावली असेल तर काढा. फुकटचा आणि सगळ्यात खरा प्रकाश आपण पैसे देऊन बाहेर ठेवतो.

आता लटकते दिवे. ते तुम्ही मनापासून निवडलेत हे मला कळतं, तरी सांगते: तुमच्यासारख्या हॉटेलात ते टेबलावर चालत नाहीत. याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्या जेवणाच्या पद्धतीतून येतात.

एक, आपल्याकडे वाढप असते. भाकरी आणून देणं, रस्सा पुन्हा घालणं, भात विचारणं. वाढणारा माणूस प्रत्येक टेबलावर पाच-सहा वेळा वाकतो. दिवा प्रकाशाच्या दृष्टीने योग्य उंचीवर, म्हणजे टेबलापासून अडीच फुटांवर टांगला, तर तो जमिनीपासून पाच फुटांवर येतो आणि वाढणाऱ्याच्या कपाळात बसतो. म्हणून मालक तो वर ओढून घेतात, आणि वर गेलेला बल्ब समोरच्या माणसाच्या डोळ्यात टोचू लागतो. दोन, आपल्याकडे टेबलं जोडतात. आठ जण आले, बारा जण आले, की पोरं टेबलं सरकवून एक लांब टेबल करतात. मग दिवे कुठल्या कुठे राहतात: एक जोडाच्या फटीवर, एक कुणाच्या डोक्यामागे.

त्याऐवजी छतावर ट्रॅक, म्हणजे दिवे सरकवता येतील अशी पट्टी, घ्या आणि त्यावर छोटे झोताचे दिवे, म्हणजे स्पॉट. टेबलं हलली तर स्पॉट सरकवता येतो. दिवा खोल बसवलेला असावा, म्हणजे खाली बसलेल्याला उजेड दिसतो, बल्ब दिसत नाही. आणि झोताचा कोन बघून घ्या. इथे मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका हॉटेलला मी २४ अंशांचे स्पॉट लावले, कारण ते शोरूममध्ये फार नाट्यमय दिसत होते. दहा फुटांच्या छतावरून अडीच फुटी टेबलावर २४ अंशांचा झोत जेमतेम तीन-सव्वातीन फुटांचं वर्तुळ करतो. टेबलाच्या मधोमध ठेवलेलं कांदा-लिंबू झगझगत होतं आणि चारही ताटं कडेच्या सावलीत होती. सगळे दिवे मी स्वतःच्या खर्चाने बदलून दिले. ३६ अंशांचा झोत त्याच उंचीवरून साधारण पाच फुटांचं वर्तुळ करतो. चार माणसांची चारही ताटं त्यात येतात. चांगल्या प्रतीचा सात वॅटचा असा एक दिवा ताटावर साधारण २०० लक्स देतो, आणि कुटुंबाच्या जेवणाला तेवढं पुरतं. मधल्या वाटेवर ४०-५० लक्स ठेवले तरी चालतं. हा फरक असला की टेबल आपोआप एक छोटी खोली होतं, भिंत न घालता.

तुमच्या जागी मी स्पॉट टेबलाच्या बरोबर मध्यावरून सरळ खाली सोडणार नाही, जरा बाजूने तिरका घेईन. स्टीलचं ताट आणि स्टीलचा पेला हे आरसेच असतात. सरळ वरून आलेला झोत ताटाच्या काठावरून उसळून थेट जेवणाऱ्याच्या डोळ्यात जातो. वर ग्रॅनाइट किंवा काचेचं टेबल असेल तर दिवा खालूनही दिसतो. टेबलावर फिकट रंगाचा साधा कागदी मॅट टाका. त्याने चकाकी मरते, आणि दुसरं एक मोठं काम होतं.

ते काम म्हणजे चेहरे. माणूस बाहेर जेवायला जातो तो ताटाइतकाच समोरच्या माणसासाठी. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाखाली सावली येते, सगळे दमलेले दिसतात. चेहऱ्याला प्रकाश खालून आणि समोरून, मऊ होऊन यावा लागतो. मुंबईतली जुनी इराणी हॉटेलं आठवा. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून चालू आहे. त्या पिढीच्या इराण्यांची रचना बघितली की मला दर वेळी शिकायला मिळतं: कोपऱ्यावरची जागा, त्यामुळे दोन बाजूंनी उजेड, उंच छत, भिंतीवर आरसे, आणि संगमरवराची पांढरी टेबलं. तो संगमरवर फक्त पुसायला सोपा म्हणून नव्हता. वरचा, खिडकीचा सगळा उजेड तो उचलून समोरासमोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर टाकतो. एक चहा घेऊन तासभर बसलेल्या माणसाचा चेहराही तिथे ताजा दिसतो. तुमच्याकडे संगमरवर नको, पण टेबलाचा वरचा भाग फिकट असू द्या. काळं सनमायका टाकलं असेल तर आधी तेच बदला, अगदी दिव्यांच्याही आधी.

भिंती परत पांढऱ्या करायची गरज नाही. गडद राखाडी रंग आलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देतो, पांढरा ऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणून फक्त एक भिंत, दारातून शिरताना समोर येणारी, फिकट करा. हळदीचा फिका पिवळा, जुन्या वाड्यांचा चुन्याचा रंग, काहीही. आणि तुमची जी पिवळी स्ट्रिप छताला उजळतेय ती तिथून काढून त्या भिंतीच्या वरच्या कडेला लावा, म्हणजे प्रकाश भिंतीवरून खाली ओघळेल. खोली उजेडाची आहे की अंधाराची, हे माणूस ठरवतो ते समोरची भिंत पाहून. जमिनीवर किती लक्स आहेत ते कुणी बघत नाही. दारातून उजळलेली भिंत दिसली की त्या आजीची शंका तिथल्या तिथे मिटते.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर जरूर बसवा, पण इलेक्ट्रिशियन जो पंख्याच्या रेग्युलेटरसारखा स्वस्त डिमर आणेल तो नको. दिवा, त्याचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) आणि डिमर हे तिघं एकमेकांशी जुळणारे हवेत, नाहीतर दिवे थरथरतात किंवा गुणगुणतात. ही थरथर डोळ्याला नेहमी दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. दिसत नसला तरी काही जणांचं डोकं दुखतं, काहींना नुसतंच ‘निघू या’ वाटतं. मोबाइलवर स्लो मोशन लावून दिव्याकडे धरा. प्रकाश धडधडताना दिसला तर तो ड्रायव्हर बदला. लोक लवकर उठण्याचं हे एक गुपचूप कारण असतं आणि ते तपासायला काही खर्च येत नाही. शिवाय हे लक्षात ठेवा: जुना बल्ब मंद केला की तो पिवळाही होत जायचा, मेणबत्तीकडे झुकायचा. साधा एलईडी मंद केला की रंग तोच राहतो, उजेड फक्त कमी होतो. कमी उजेडात पांढरा प्रकाश उदास दिसतो. हे फिलिप्समधल्या क्रुइटहॉफ यांनी १९४१ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या आलेखातल्या तपशिलांवर पुढे वाद झाले, पण एवढं मात्र मला प्रत्येक हॉटेलात खरं आढळलं आहे. म्हणून ४००० केल्विनचा दिवा घेऊन ‘रात्री मंद करू’ असा बेत करू नका.

गोड न मागवता उठण्याबद्दल. यात दिव्यांचा वाटा आहे, पण मला आवाजाचाही संशय येतो. नव्याने करताना पडदे निघाले का? जुन्या लाकडी छताजागी पीओपी, फरशीजागी चकचकीत टाइल्स, एका बाजूला मोठी काच, असं झालं असेल तर आवाज शोषणारं काही उरलेलंच नाही. भांड्यांचा खणखणाट भिंती परत फेकतात, म्हणून एक टेबल जरा मोठ्याने बोलतं, म्हणून दुसरं आणखी मोठ्याने. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवून दिलं, आणि त्याचंच नाव त्या परिणामाला आहे. गोंगाट चवीपर्यंतही पोचतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात विमानाच्या आतल्याएवढा, ८५ डेसिबलचा आवाज ऐकवला तेव्हा लोकांना गोड चव फिकी लागली. तुमच्या गुलाबजामचं खापर मी यावर फोडत नाही, पण रविवारी रात्री साडेआठला मधल्या टेबलावर बसून बघा: समोरच्याला दोनदा ‘काय?’ विचारावं लागतं का? लागत असेल तर काचेला जाड पडदे आणि छताच्या एखाद्या भागाला आवाज शोषणाऱ्या टाइल्स, एवढ्याने बराच फरक पडतो.

टीव्ही असेल तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी बंद ठेवा. मंद खोलीत टीव्हीचा निळा, सारखा बदलणारा प्रकाश सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळवतो, आणि वळलेल्या माणसाचं जेवणही लवकर संपतं, गप्पाही. क्रिकेटच्या सामन्याचे दिवस वेगळे, ते मीही मान्य करते. गाणी लावायची तर सावकाश लयीची आणि बोलण्याच्या खाली. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन संशोधकाने १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटचे आकडे मांडले: संगीत संथ असताना लोक सरासरी ५६ मिनिटं बसले, जलद असताना ४५. जेवणाचा खर्च जवळपास तेवढाच राहिला, बारमधून मागवलेल्या पेयांचा वाढला. तुमच्या हॉटेलात त्या पेयांची जागा गुलाबजाम आणि सोलकढी घेतील. पण बाहेर लोक ताटकळत असतील अशा रविवारी अकरा मिनिटं जास्त बसलेलं टेबल तोट्याचंही ठरतं. म्हणून हा निर्णय गर्दी पाहून घ्यायचा.

पैसे टप्प्याने घालायचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी एका टेबलावर चांगला दिवा आणि वाटीची परीक्षा. मग टेबलांचे वरचे भाग किंवा मॅट. मग ट्रॅक आणि स्पॉट, १४ टेबलांचे. मग समोरची भिंत. आवाजाचं काम शेवटी, कारण ते करताना हॉटेल दोन दिवस बंद ठेवावं लागतं. लटकते दिवे फेकू नका: दोन गल्ल्याच्या वर लावा, बाकीचे पडवीत. तिथे ते छान दिसतील, आणि तिथे कुणी जेवत नाही.

वायरिंग उघडलेलंच आहे तोवर सर्किटं वेगळी काढून घ्या: टेबलांचे स्पॉट एक, भिंतीची स्ट्रिप एक, वाटेचे दिवे एक, आणि झाडलोटीसाठी लख्ख पांढरे दिवे एक. हे शेवटचं लोक विसरतात. रात्री अकरानंतर पोरांना टेबलाखालचं शीत दिसलं पाहिजे, आणि मंद प्रकाशात फरशी पुसली की सकाळी ती कशी दिसते हे तुम्ही पाहिलं असेल. बटणांवर ‘दुपार’, ‘रात्र’, ‘आवरताना’ अशा पट्ट्या चिकटवा आणि डिमरवर रात्रीच्या जागी रंगाची एक रेघ मारा. संध्याकाळी सातला रेघेपर्यंत फिरवायचं काम कुणा एकाच्या नावावर करा, शक्यतो गल्ल्यावर जो बसतो त्याच्या. वडील अजून संध्याकाळी गल्ल्यावर बसत असतील तर ती रेघ कुठे मारायची हेही त्यांनाच ठरवू द्या.